चौदा नंबरचा पट्टा

शनिवारी दुपारी कंपनीचा माणूस उज्ज्वलाच्या दारात उभा राहिला आणि तुमचा नवरा धर्मेंद्र बागूल दर्यात पडून मेला, असं सांगू लागला. त्या वेळी धर्मेंद्र बागूल तिच्या मागे मोरीपाशी बसून वांगी चिरत होता.

कंपनीच्या माणसाने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. नाव बरोबर होतं. पत्ता बरोबर होता. पासाचा नंबर, पट्ट्याचा नंबर, सगळं बरोबर होतं.

धर्मेंद्र उठला. तो त्या माणसाकडे गेलाच नाही. त्याने बायकोकडे पाहिलं.

"कुंदन," एवढंच तो म्हणाला.

उज्ज्वला उंबऱ्यावर बसली. तिचे दिवस भरले होते, खाली बसायलाही तिला भिंतीचा आधार लागत होता. कुंदन तिचा पाठचा भाऊ. सोमवारी तो धर्मेंद्रचा पास खिशात घालून, धर्मेंद्रचा कामावरचा सुरक्षेचा पट्टा पिशवीत टाकून, हजिऱ्याहून दर्यातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्या लाँचवर चढला होता.

बुधवारी सकाळी ती सुरतेतल्या पर्वत पाटियाला मालतीबाई बोरसेंच्या खोलीचा जिना चढून आली. खाली धाग्याच्या कोनांचं दुकान होतं आणि वर दारावर पाटी होती: 'तपासाची कामे घेतली जातील.' एकदा गुजरातीत, एकदा मराठीत.

मालतीबाईंनी बावीस वर्षं सुरत पोलिसात काढली होती. निवृत्त होताना त्या हवालदार होत्या. प्लेगच्या साली शहर रिकामं झालं, तेव्हा बंद घरांतल्या चोऱ्या त्यांनी एकटीने शोधल्या, आणि तेव्हापासून लोक सरळ त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांच्याबरोबर रामदास असे. रामदास आधी मागाचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. आता रिक्षा चालवत होता. वीस वर्षांच्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले होते, म्हणून तो साधी गोष्टही ओरडून सांगायचा.

"बसा ताई!" तो ओरडला. उज्ज्वला दचकली.

"तो रागावलेला नाही," मालतीबाई म्हणाल्या. "त्याचा आवाजच तसा आहे. बोल."

"माझा नवरा लॉकपमध्ये आहे. पोलीस म्हणतात पट्टा कापलेला होता. कुंदन जायच्या आधी चार दिवस पट्टा आमच्या घरात खुंटीवर होता, म्हणजे घरातच कापला. माझी माय पण तेच म्हणते. जवायानं माझा पोरगा मारला, म्हणते. आमच्याच चाळीत राहते ती, पण माझ्या घरचं पाणी घेत नाही."

"भांडण होतं दोघांचं?"

"झालं होतं. हा रागात बोलला होता, याला एकदा दर्यात फेकून देतो. सगळ्या चाळीनं ऐकलं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला माहीत नाही, बाई. तेच विचारायला आले. हे लेकरू आज-उद्या येईल. त्याला बापाच्या घरात न्यायचं की मायच्या, एवढं मला सांगा."

"त्यानंच केलं असं निघालं तर?"

"तर तसं सांगा."

मालतीबाईंनी वही पुढे ओढली. "दर्यातली पाळी धर्मेंद्रची होती. मग तो का गेला नाही?"

उज्ज्वलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अंगात कणकण होती त्याच्या."

पोलीस ठाण्यात फौजदार देसाई खुर्चीत मागे रेलून बसले होते. मालतीबाईंच्या हाताखाली त्यांनी शिपाई म्हणून नोकरीची पहिली दोन वर्षं काढली होती, त्यामुळे त्यांना उठून उभं राहावं लागलं.

"मालतीबेन, हवे शुं बाकी छे? आता काय उरलंय? घरचा मामला आहे. साळा जेवून झोपून राहत होता, बनेवी, बहिणीचा नवरा, कंटाळला."

"पट्टा दाखवा."

देसाईंनी कपाटातून पट्टा काढला. चार बोटं रुंद, जाड नायलॉनचा, पांढऱ्या रंगात १४ लिहिलेला. प्लॅटफॉर्मखाली दोरांना टांगलेल्या फळीवर, म्हणजे झुल्यावर, बसून गंज खरवडायचा आणि रंग द्यायचा, असं काम. पट्ट्याच्या मागच्या कडीला दोर बांधलेला असतो. माणूस फळीवरून घसरला तरी पट्ट्यावर लोंबकळत राहतो. कुंदन घसरला, पट्टा बक्कलापाशी तुटला आणि तो त्यातून सुटला. खाली आडव्या लोखंडी तुळईवर आपटून मग पाण्यात गेला. पट्टा वरच दोराला राहिला.

मालतीबाईंनी तो टेबलावर सरळ केला. पट्ट्याला सहा भोकं होती, प्रत्येक भोकाला पितळी कडी. टोकाकडून दुसऱ्या भोकाची कडी झिजून लांबट झाली होती.

"हे धर्मेंद्रचं भोक," त्या म्हणाल्या.

"पोट मोठं आहे त्याचं," देसाई म्हणाले. "लॉकपच्या दारातून आडवा घ्यावा लागला."

सहाव्या भोकाच्याही पलीकडे, बरंच आत, सातवं भोक होतं. त्याला कडी नव्हती. तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं. त्याच्या कडेचं नायलॉन वितळून कडक झालं होतं, मेणबत्तीच्या ओघळासारखं. पट्टा तिथेच तुटला होता.

"रामदास, हे बघ."

रामदासने दोन्ही तुकडे उजेडात धरले. जुनी सवय, त्याची बोटं आपोआप सुतावर फिरू लागली.

"दुहेरी वीण आहे!" तो ओरडला. "बाहेरच्या थरातले उभे ताणे तुटलेत, बघा कसे पिंजारलेत. आतल्या थरातले कापलेत. पण एका रेघेत नाहीत. एक इथं, दुसरा बोटभर वर, तिसरा परत खाली. एका रेघेत कापलं की कापड लगेच तोंड उघडतं ना. हे उघडलं नसणार." मग त्याने मान हलवली. "कुठल्या तरी पत्र्याच्या धारेला घासला असेल."

"पत्रा एकेक सूत निवडून घासतो का?" देसाई हसले.

मालतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सातव्या भोकाची कडक झालेली कड नखाने चाचपली. तिच्यातून पात्याची बारीक, स्वच्छ चीर गेली होती. त्यांनी पट्टा परत दिला.

"असं तर नाही, की त्यानं स्वतःच..." रामदास म्हणाला.

"ज्याला मरायचं आहे तो पट्टा बांधून फळीवर बसत नाही."

धर्मेंद्र गजांमागे उकिडवा बसला होता. मालतीबाईंना पाहून तो उठला.

"पट्टा मी कापला नाही. पण पोराला मीच पाठवला. तेवढं माझ्यावर लिहा."

"तू का गेला नाहीस?"

"पोटात दुखत होतं."

"जा म्हणून त्याला कोण म्हणालं?"

"मीच." उत्तर फार पटकन आलं.

"भांडण कशावरून?"

"कुंदन कडोदऱ्याला मागावर होता. डिसेंबरात सोडून आला, तेव्हापासून घरात बसून. मी म्हणायचो, दुसरा कारखाना बघ. तर मागाजवळ जायलाच तयार नाही. शेजारच्या गल्लीत माग सुरू झाले की कानात बोटं घालायचा. का म्हणून विचारलं, कधी सांगितलं नाही. शेवटी मी चिडलो. माणूस चिडल्यावर काय बोलतो त्याला काही अर्थ असतो का, बाई?"

"कधीकधी असतो," मालतीबाई म्हणाल्या.

हजिऱ्याच्या धक्क्यावर ठेकेदाराची पत्र्याची कचेरी होती. अपघातानंतर काम थांबवून सगळ्या टोळीला किनाऱ्यावर परत आणलं होतं. तिथला सुपरवायझर गणेश डोईफोडे, मूळचा बीडकडचा. मालतीबाई आणि रामदास दारातून शिरताच त्याने हात जोडले आणि लगेच बोलायला लागला.

"दुसऱ्याच्या पासावर माणूस मी घेतला, कबूल आहे. पण बाई, हे रोजचं आहे. मागावरची सवय घेऊनच येतात तुमचे खानदेशी लोक. भावाला ताप आला, भाऊ उभा. मेव्हण्याकडे लग्न, मेव्हणा उभा. वहीत नाव एकाचं, कामाला हात दुसऱ्याचे. बदली म्हणतात त्याला. मी बंद करायला गेलो तर निम्मी माणसं जातील."

"आणि मेल्यावर वायरलेसवर नाव पासाचं गेलं."

गणेशने मान खाली घातली. "ते घाईत झालं. त्या पोरीच्या दारात काय झालं ते कळलं मला."

"धर्मेंद्रनं तुमच्याविरुद्ध तक्रार केली होती म्हणे," रामदास ओरडला.

"झुल्याच्या फळ्या कुजल्या म्हणून. बदलल्या मी. आणि हळू बोला हो, मी बहिरा नाही."

"मी आहे," रामदास म्हणाला.

"पट्ट्याचं सांगा," मालतीबाई म्हणाल्या.

"सोमवारी संध्याकाळी तो पोचला. मंगळवारी झुल्यावर बसला तर पट्टा कमरेभोवती नुसता गोल फिरतोय. काडीसारखं पोरगं ते. सुतळी आवळून तीन दिवस काढले त्यानं. मी शिव्या घातल्या, म्हटलं उद्यापासून असा दिसलास तर परत पाठवीन. मग गुरुवारी संध्याकाळी त्यानं आणि त्याच्या गावच्या लोटूनं खिळा तापवून नवं भोक पाडलं. मागे स्टोव्हपाशी बसले होते दोघं, खूप वेळ. शुक्रवारी वारा सुटला, बाहेरचं सगळं काम बंद. शनिवारी वारा पडला, नऊ वाजता तो झुल्यावर उतरला, आणि..." त्याने हाताने खाली खूण केली.

"शुक्रवारी पट्टे कुठे होते?"

"ज्याच्या त्याच्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेले. मी दिवसभर रेडिओच्या खोलीत इंजिनियर साहेबांबरोबर, बाहेर निघालोच नाही. साहेबांना विचारा. बाकी पोरं जेवणाच्या खोलीत पत्ते कुटत होती. कुंदनही तिथंच."

"लोटूची खाट कोणती?"

"तीच. खाटा कमी आहेत. लोटू रात्रपाळीला यंत्रघरात पुसापुशी करतो आणि दिवसा झोपतो. कुंदन दिवसा कामाला, रात्री झोपायला. एका खाटेवर दोघं. मागावरच्यांना तेही नवीन नाही."

"तुम्ही कधी मागावर होता?"

"मी? मी बांधकामावरून आलो. मला परांची कळते, सिमेंट कळतं. सुतातलं मला काही कळत नाही."

बाहेर आल्यावर रामदासने रिक्षाला किक मारली. "मला हाच वाटतो. धर्मेंद्रनं तक्रार केली, यानं चौदा नंबरचा पट्टा कापला. मरायचा होता धर्मेंद्र, मेला कुंदन."

"तीन दिवस कुंदन त्याच्या डोळ्यांसमोर तोच पट्टा बांधून हिंडत होता, रामदास. सुतळी आवळून."

रामदास विचारात पडला.

लोटू अहिरे उज्ज्वलाच्याच चाळीत राहत होता, शोभाबाईंच्या खोलीपासून तीन दारं सोडून. शोभाबाई म्हणजे कुंदनची आणि उज्ज्वलाची आई. दोन्ही घरं शिरपूरकडच्या एकाच गावची.

लोटूने मालतीबाईंना स्वतः पाणी दिलं. तिशीचा, शांत, आधी बरीच वर्षं मागावर काढलेला, हाताची बोटं लांब. भिंतीवर एका तरुण पोराचा फोटो होता, त्याला ताजा हार घातलेला. फोटोखाली लोटूची आई सरलाबाई बसली होती.

"कुंदन गल्लीतला होता माझ्या," लोटू म्हणाला. "काय सांगू? मी झोपलो होतो. आरडाओरडा ऐकून उठलो."

"नवं भोक कोणी पाडलं?"

"मीच. त्याचा हात थरथरत होता."

"का?"

लोटूने खांदे उडवले. "उंचीची भीती असेल."

"बराच वेळ बसला होता म्हणे दोघं. काय बोललात?"

"गावाकडचं. दुसरं काय बोलणार?"

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी खाटेवरून उठलोच नाही. रात्रीचा जागलेला होतो."

मालतीबाईंनी फोटोकडे पाहिलं. "हा कोण?"

"माझा मारुती," सरलाबाई म्हणाली. "धाकला. दत्तजयंतीला गेला. मागानं धक्का दिला त्याला, करंट उतरला होता. कडोदऱ्याला."

"किती वर्षं होता त्या मागावर?"

सरलाबाई तोंड उघडत होती, तेवढ्यात लोटू बोलला. "बरीच. त्याचाच माग होता तो."

सरलाबाईने लेकाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

गुरुवारी सकाळी ती दोघं कडोदऱ्याला गेली. कारखान्याचे मास्तर रमणभाई पटेल. त्यांनी हजेरीची वही टेबलावर उघडली. आत शंभर माग चालू होते, म्हणून ते कानाशी तोंड नेऊन बोलत. इथे मात्र रामदासला सगळं नीट ऐकू येत होतं.

"दत्तजयंतीचा दिवस. एकवीस आणि बावीस नंबरचे माग, जुओ बेन, बघा. नाव कुंदन. कुंदन हाजर."

"आणि मारुती अहिरे?"

"ए नाम वहीत नथी. तो इथला कामगारच नव्हता. बाजूच्या कारखान्यात होता. कुंदनला सारंगखेड्याच्या जत्रेला जायचं होतं, मारुती एक दिवसाची बदली म्हणून उभा राहिला. सकाळी अकराला गेला बिचारा. वहीप्रमाणे तर कुंदन मेला पाहिजे."

"त्या मागाला आधीपासून करंट होता का?"

"मने कोई बोललं नाही."

मालतीबाई दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभ्या राहिल्या. सगळे कामगार अनवाणी होते. फरशीवर तेल आणि सुताचा भुसा.

"इथे चपला घालत नाहीत?"

"कोण घालेल? पाय घसरतो," रमणभाई म्हणाले. "एक कुंदन घालत होता. शेवटचे दोन महिने. रबरच्या. आम्ही हसत होतो, लाटसाब आला म्हणून."

रामदास वहीकडे बघत होता. त्याने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "बाई, आपण चाळीत परत जायचं का?"

"उद्या सकाळी. देसाईंना निरोप दे, धर्मेंद्रला घेऊन या म्हणावं. आणि गणेशला बोलव."

शुक्रवारी दहा वाजता शोभाबाईंच्या खोलीत माणसं मावत नव्हती. शोभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सहा दिवसांत त्यांनी धड काही खाल्लं नव्हतं. धर्मेंद्र आत आला तसं त्यांनी तोंड फिरवलं. त्याच्यामागे देसाई आणि एक शिपाई. गणेश दाराशी. लोटू खिडकीशी उभा. उज्ज्वला मोरीच्या कट्ट्यावर बसली होती, दोन्ही हात पोटावर.

मालतीबाईंनी पट्टा जमिनीवर ठेवला.

"पोलीस म्हणतात हा घरात कापला. आपण बघू. देसाई, हे सातवं भोक. गरम खिळा नायलॉनमधून गेला की कडा वितळते आणि चिकटते. सूत आधीच कापलेलं असतं तर कापलेली टोकं त्या वितळलेल्या कडेत चिकटून एक झाली असती. तशी ती नाहीत. उलट, कडक झालेल्या कडेतूनच पात्याची चीर गेली आहे. म्हणजे भोक आधी, कापणं नंतर."

देसाईंनी वाकून पाहिलं. नखाने चाचपलं.

"आणि भोक कधी पडलं? गुरुवारी संध्याकाळी, प्लॅटफॉर्मवर. गणेशनं पाहिलं, पाडणाऱ्यानं कबूल केलं. त्या वेळी धर्मेंद्र सुरतेत होता. दर्यातला पट्टा इथून कापता येत नाही."

शोभाबाईंनी मान वळवली. जावयाकडे नाही, पट्ट्याकडे.

"पण कापणाऱ्याला धर्मेंद्रच मारायचा असेल!" रामदास म्हणाला. त्याचा अजून गणेशवरच संशय होता.

"धर्मेंद्र दुसऱ्या भोकात पट्टा लावतो. त्यानं बांधला असता तर ही कापलेली जागा त्याच्या पोटावर, सगळ्यांना दिसेल अशी आली असती. कुंदननं सातव्या भोकात लावला की तीच जागा बक्कलाखाली झाकली जाते. ज्यानं कापलं त्याला ती कुंदनच्या कमरेवर लपवायची होती. मारायचा कुंदनच होता."



"आता कसं कापलं ते. रामदास, पहिल्या दिवशी तू काय म्हणालास?"

"एका रेघेत नाही. वरखाली. म्हणजे तोंड उघडू नये म्हणून." रामदास थांबला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "ते तर मागवाल्याचं काम झालं."

"तू पाहताक्षणी सांगितलंस आणि पत्र्यावर ढकललंस. आतल्या थरातले ताणे एकेक उचलून, जागा बदलून कापायचे, बाहेरचा थर तसाच ठेवायचा, म्हणजे पट्टा दिसायला धड, पण जोर आला की गेला. गणेशसारख्या परांचीवाल्यानं सुरी घेऊन आडवा चिरला असता. शिवाय शुक्रवारचा दिवस तो रेडिओच्या खोलीत होता, साहेबांना मी फोन केला आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंत पट्ट्याला हे भोक नव्हतं, शनिवारी पट्टा तुटला. मधल्या एकाच दिवशी पट्टा कुंदनच्या अंगावर नव्हता, खाटेच्या पायथ्याशी टांगलेला होता. आणि त्या खाटेवरून एक माणूस दिवसभर उठला नाही. त्यानंच मला सांगितलं."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. लोटू बाहेर बघत होता.

"लोटू, तुझा भाऊ त्याच्या मागावर मेला नाही. कुंदनच्या मागावर मेला, कुंदनच्या नावावर, कुंदनची बदली म्हणून. हे तू लपवलंस. तुझी आई खरं सांगणार होती, तू मध्ये बोललास."

"दोन महिने मला बदलीचं माहीत होतं," लोटू म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "त्याचा राग नव्हता, बाई. बदलीला तर मीही शंभरदा उभा राहिलोय. नशीब म्हणून सोडलं होतं."

"मग गुरुवारी काय झालं?"

"खिळा लाल होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, लोटूभाऊ, एक सांगू? त्या मागाला दोन महिने करंट होता. म्हणून मी चपला घालायचो. मारुतीला सांगायचं राहून गेलं, जत्रेच्या गाडीची घाई होती. असं म्हणाला आणि रडला. मी भोक पाडून दिलं. पट्टा त्याच्या कमरेला लावून बघितला, बरोबर बसला." लोटूने पहिल्यांदा खोलीत पाहिलं. "तरी मी काही केलं नसतं. पण तो म्हणाला, सांगितल्यावर हलकं वाटलं. आणि रात्री मी कामावरून मध्येच पाणी प्यायला आलो, तर माझ्या खाटेवर गाढ झोपलेला. दोन महिन्यांत माझी माय तशी झोपलेली नाही."

देसाईंनी शिपायाला खूण केली. लोटूने हात पुढे केले. दारातून जाताना तो धर्मेंद्रपाशी थांबला.

"तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. दर्याचा अपघात म्हणून मिटेल वाटलं."

धर्मेंद्र त्याच्या वाटेतून बाजूला झाला.

ते गेल्यावर मालतीबाई उज्ज्वलाकडे वळल्या. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण एक राहिलं. पाळी सोडून हा घरी का राहिला? हा म्हणाला पोटात दुखत होतं, तू म्हणालीस अंगात कणकण. एका माणसाला दोन आजार दोघांनी वेगवेगळे सांगितले."

"बाई, ते राहू द्या," धर्मेंद्र म्हणाला. "मी सांगितलंय, मीच पाठवला."

"नाही," उज्ज्वला म्हणाली. ती उठून आईसमोर आली, पण खाली बसता येईना, म्हणून उभीच राहिली. "माय, मी म्हटलं कुंदनला. दिवस भरले होते. हा पंधरा दिवस दर्यात राहिला आणि मधेच कळा सुरू झाल्या तर, म्हणून मला भीती वाटली. हा नको म्हणत होता. मी कुंदनला म्हटलं, एवढी एक पाळी जा माझ्यासाठी. यानं लॉकपमध्ये पण माझं नाव घेतलं नाही."

शोभाबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सुजले होते.

"लेकरू त्याच्या बापाच्या घरी ने," त्या म्हणाल्या. मग धर्मेंद्रकडे न बघताच, "जवाई, तिला खाली बसवा. अशी उभी ठेवू नका."

त्या स्वतः मात्र उठल्या. भिंत धरत बाहेर आल्या आणि गॅलरीतून चालू लागल्या. मालतीबाई आणि रामदास दारातच होते, ते बाजूला झाले. एक दार, दोन दारं. तिसऱ्या दाराशी त्या थांबल्या.

सरलाबाई आत जमिनीवर बसली होती. लेकाला शिपायांबरोबर जाताना तिने पाहिलं होतं. चाळीतली एकही बाई तिच्याकडे आली नव्हती.

"कसाले उनी?" तिने विचारलं. का आलीस?

"मारुती गेला तेव्हा मी आले नव्हते," शोभाबाई म्हणाल्या.

"नव्हतीस. सारी चाळ आली होती."

"कुंदन जत्रेहून आला तेव्हाच त्यानं मला सांगितलं होतं. चपलांचं, करंटचं, सगळं. तुझ्याकडे येऊन सांगतो म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, गप राहा. कोणाला सांगू नको."

रामदासला ऐकू गेलं नसावं. तो मालतीबाईंच्या तोंडाकडे बघत होता. मालतीबाईंनी त्याला हाताने थांबायची खूण केली.

सरलाबाईने मारुतीच्या फोटोकडे पाहिलं.

"दार लाव," ती म्हणाली.

शोभाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.